ग्रॅनोला घेताय ना? मग पाकीट आधी उलटं करा

माझा भाचा पुण्याला शिकायला आहे, जिमला जातो, दिवाळीला घरी आला तर बॅगेत कपड्यांपेक्षा खायचंच जास्त. त्यातली ग्रॅनोलाची दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली, म्हणे मावशी पोहे बंद कर, त्यात काही प्रोटीन नसतं, सकाळी हे खात जा. सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे व, पाखरेस्ना दाना?" म्हणजे हे काय आहे गं, पाखरांचा दाणा?

तेव्हा हसलो सगळे. पण नंतर तीन-चार महिने मी हे प्रकरण नीट खाऊन, वाचून, वजन करून पाहिलं, जळगावात मिळाले तेवढे प्रकार आणून झाले, आणि आता गल्लीतल्या बायका मलाच विचारून राहिल्या की कोणतं घेऊ. ब्रँडचं नाव मी कुणालाच सांगत नाही, कारण एकाच कंपनीचं एक फ्लेवर चांगलं निघतं आणि दुसरं म्हणजे नुसती चिक्की. कसं निवडायचं तेवढं सांगते.

आधी हे आहे काय ते. ओट्स, सुकामेवा, बिया यांना तेल आणि मध नाहीतर साखरेचा पाक चोळून भट्टीत भाजलं की ग्रॅनोला. न भाजता, पाक न लावता नुसतं मिसळलं तर ती म्युसली. मूळ प्रकार अमेरिकेतला, १८६३ साली डॉ. जेम्स जॅक्सन यांनी न्यूयॉर्क राज्यात ग्रॅन्युला नावाने काढला, आणि तो इतका टणक असायचा की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाताच यायचा नाही. आपली बट्टी बरी मग, निदान वरणात कुस्करता तरी येते.

तर दुकानात गेल्यावर पाकिटाच्या पुढच्या बाजूला बघूच नका. तिथे हाय प्रोटीन, प्रोटीन रिच असं मोठ्या अक्षरात असतं आणि ते खोटं नसतं, गंमत तीच आहे. आपल्याकडच्या नियमात १०० ग्रॅम मालात रोजच्या गरजेच्या २० टक्के प्रोटीन असलं की तसं लिहिता येतं. मोठ्या माणसाची रोजची गरज ५४ ग्रॅम धरली तर हे झाले साधारण ११ ग्रॅम. आणि साध्या ओट्समध्येच १०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅम असतं! म्हणजे ज्याच्यावर हाय प्रोटीन लिहिलंय त्यात नुसत्या ओट्सपेक्षा काही जास्त असेलच असं नाही. आपल्या तूरडाळीत २२ च्या आसपास असतं, तिच्या पोत्यावर कुणी काही लिहीत नाही.

पाकीट उलटं केलं की मागे तक्ता असतो, त्यात १०० ग्रॅमचा रकाना पाहायचा आणि सर्व्हिंगचा रकाना पण पाहायचा. सर्व्हिंग बहुतेक ३० नाहीतर ४० ग्रॅम लिहिलेली असते. १०० ला १२ ग्रॅमवाला ४० ग्रॅम खाल्ला तर पोटात जातं पावणेपाच ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहा असतं. मी घरच्या छोट्या काट्यावर ३० ग्रॅम मोजून पाहिलं तर आमच्या आमटीच्या वाटीत तळाला चार-पाच चमचे, बस. आमचे हे रोज जेवढं ओतून घेत होते ते मोजलं तर ७५ ग्रॅम भरलं. त्यामुळे आधी आपण खरं किती खातो ते एकदा मोजा, मग गणित करा, नाहीतर लेबल वाचून काही उपयोग नाही. माझा अंदाज असा की १०० ग्रॅमला १५ च्या वर असेल तर ठीक, १८-२० असेल तर चांगलं, आणि २५ च्या वर असेल तर त्यात व्हे म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर नाहीतर सोया वेगळं घातलेलं असतं, ते वाईट नाही पण चव पिठाळ लागते, दुधात टाकलं की तळाला गाळ बसतो. अशाचं आधी छोटं पाकीट आणा.

आता साखर, कारण टेस्टी लागतं ते नव्वद टक्के वेळा हिच्यामुळेच. अ‍ॅडेड शुगर अशी वेगळी ओळ तक्त्यात असते. समजा १०० ग्रॅमला २२ ग्रॅम आहे आणि तुम्ही ५० ग्रॅम खाल्लं तर ११ ग्रॅम झाली, म्हणजे जवळजवळ तीन चमचे, वरून आपली सवय दूध गोडच घ्यायची. मी १०० ला १० च्या आत असलेलं घेते. आणखी एक खुबी आहे. घटकांच्या यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं असतं, मग साखर पहिल्या नंबरवर दिसू नये म्हणून तीच चार-पाच नावांनी येते: थोडी साखर, थोडा मध, थोडं ग्लुकोज सिरप, थोडा गूळ, खजुराचा पाक, आणि प्रत्येक जण खाली खाली दिसतो. सगळ्यांना मनातल्या मनात एकत्र करा आणि मग बघा. गूळ-मध लिहिलंय म्हणून फसू नका, शरीराला ती साखरच. नो अ‍ॅडेड शुगर लिहिलेल्यात कधी कधी माल्टिटॉल नावाचा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो, ते जास्त खाल्लं तर पोट गुडगुडतं, प्रवासाच्या दिवशी तर नकोच.

यादीतच बदाम, बिया, शेंगदाणे यांच्यापुढे टक्के लिहिलेले असतात, ते शोधा. भाच्याने आणलेल्या पाकिटावर पुढे बदामांचा ढीग छापलेला, मागे बदाम ३ टक्के. माझा विश्वास बसेना म्हणून एका दुपारी निवडायच्या ताटात वाटीभर ओतला आणि तांदूळ निवडतात तसा निवडायला बसले. एका बाजूला ओट्सचा डोंगर, दुसरीकडे १७ मनुका, भोपळ्याच्या बिया ४, बदामाचे काप ६ आणि तेही एवढे पातळ की उजेडाला धरले तर आरपार दिसावं. बाकी तपकिरी गोळे मला दाणे वाटले होते, फोडून पाहिले तर पाक लावलेला कुरमुरा! एवढ्या पैशात कुरमुरा. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, उठून आतून मूठभर शेंगदाणे आणून ताटात टाकले आणि गेल्या.

आणि तिथेच मला उत्तर सापडलं म्हणा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, फुटाण्यात २० च्या पुढे, भोपळ्याच्या बियांत ३०, तिळात आणि जवसात १८ च्या आसपास. मनुका आणि खजूर दोन-तीन ग्रॅमवाले, ते फक्त गोडीला. म्हणून यादीत ओट्सनंतर लगेच शेंगदाणे, बदाम, बिया नाहीतर कुठली डाळ आली तर पाकीट टोपलीत टाका, ओट्सनंतर साखर आणि मनुका आल्या तर परत ठेवा. आणखी एक, नुसत्या धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा शरीराला लागणारा एक घटक कमी पडतो, तो डाळी भरून काढतात. आपल्याकडे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून कळणं दळतात ते त्याच हिशेबात बसतं, कळण्याची भाकरी खाणाऱ्या माणसाला हे काही नवीन सांगायला नको. ग्रॅनोलात फुटाणे टाकले की तेच झालं.

भावाचं पण बघा. समजा ४०० ग्रॅमचं पाकीट ४०० रुपयांना आणि १०० ला १२ ग्रॅम, तर अख्ख्या पाकिटात ४८ ग्रॅम प्रोटीन, एक ग्रॅम आठ रुपयाच्या वर पडलं. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तरी एक ग्रॅम ६० पैशाला. म्हणून मी महागडं हाय प्रोटीनवालं घेतच नाही आता, मधल्या भावाचं कमी साखरेचं साधं घेते आणि घरी आल्यावर मोठ्या परातीत त्यात भाजून सोललेले अर्धबोबडे शेंगदाणे, फुटाणे, भाजलेले तीळ, असतील तर भोपळ्याच्या बिया, वरून ज्वारीच्या लाह्या असं सगळं निम्म्याला निम्मं मिसळते. चिमूटभर मीठ घाला, गोडाला त्याने उठाव येतो. ५० ग्रॅम साधा ग्रॅनोला, २० ग्रॅम शेंगदाणे आणि २०० मिली दूध एवढं धरलं तर १८ ग्रॅमपर्यंत जातं, सकाळच्या एका वाटीला हे भरपूर झालं. मुतखडा, किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

दूध गरम घालू नका, लापशी होते. दही घेतलं तर आधी दही आणि खायच्या वेळी वरून ग्रॅनोला, उलटं केलं तर कुरकुरीतपणा गेला. दही फडक्यात तासभर टांगून घट्ट केलं तर पाणी निघून जातं आणि तेवढ्याच वाटीत प्रोटीन जास्त येतं, शिवाय चव श्रीखंडाच्या जवळ जाते, मुलं त्यानेच फसतात. केळी तर आपल्या घरातच असते, रावेर-यावलकडचं एखादं पिकलेलं कापून टाका. केळ्यात प्रोटीन नावापुरतं, एखादा ग्रॅम, पण गोडी येते त्यामुळे बिनसाखरेचा ग्रॅनोलासुद्धा चालतो.

चवीचं शेवटचं आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खवटपणा. दाणे, बिया, जवस यात तेल असतं, उन्हाने ते बिघडतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ वर गेला की पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या मालाचं काय होत असेल ते तुम्हीच विचार करा. एक्सपायरी सहा महिने पुढची असली तरी पॅकिंगची तारीख बघा, दोन-तीन महिन्यांच्या आतलं घ्या. मे महिन्यात मी एका दुकानातून ऑफरमधलं एकावर एक फ्री आणलं, फोडलं तर जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास, दुकानदार म्हणे ताई तारीख तर आहे ना. दोन्ही पाकिटं गेली. तेव्हापासून उन्हाळ्यात मी मोठं पाकीट घेतच नाही, आणि आणलेलं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. फोडल्यापासून महिनाभरात संपवायचं, डब्यावर तारीख चिकटवून ठेवायची. आमच्या डब्यावर सध्या "पाखरांचा दाणा, ४ मार्च" असं लिहिलंय, अक्षर भाच्याचं आहे.