बॉक्स विटेला, छपाई दोरीला : वायरमन आणि मिस्त्री, दोघांनी या चुका टाळा

"काऊन भाऊ, बोर्ड आत काऊन गेला?" घरमालक हे विचारतो तोवर छपाईवाला, म्हणजे प्लास्टर करणारा मिस्त्री हिशेब करून दुसऱ्या गावच्या कामाला लागलेला असतो. मग आपण त्याच्या नावानं खडे फोडतो. मी स्वतः फिटिंगचं काम करतो, तरी सांगतो, बऱ्याच वेळा चूक आपलीच असते. आपण भिंतीतला स्विचबोर्डाचा बॉक्स विटेच्या हिशेबानं बसवतो आणि मिस्त्री छपाई दोरीच्या हिशेबानं करतो.

चंद्रपूर-कोराडीकडच्या राखेच्या विटा असल्या तर फारसं बिघडत नाही, त्या सरळ असतात. खरी गंमत गावच्या भट्टीतल्या लाल विटेची. नऊ इंची भिंत एका बाजूनं सुतात येते, दुसऱ्या बाजूनं दात काढते. सरळ बाजूला अर्धा इंच छपाईत भागतं, वाकड्या बाजूला पाऊण इंच लागते, कधी पूर्ण इंच. आपण मात्र दोन्हीकडे बॉक्स अर्धाच इंच बाहेर ठेवतो. एका भिंतीवर प्लेट छान बसते, दुसरीकडे बॉक्स विहिरीत.

यावर उपाय पंधरा मिनिटांचा आहे. बॉक्स पक्के करण्याआधी मिस्त्रीकडून त्या भिंतीवर ठिय्ये मारून घ्या. सिमेंट-रेतीच्या मालाचे तळहाताएवढे टिकले, ओळंब्यात लावलेले. दोन ठिय्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी धरा आणि बॉक्सची कड पट्टीच्या एक-दोन मिलिमीटर आत ठेवा. बाहेर अजिबात नको. मिस्त्री अजून ठरलाच नसेल तर झिरी मारा (पाइपासाठी भिंतीत चर पाडा), पाइप टाका, बॉक्ससाठी खाच मोकळी ठेवून घरी जा.

आत गेलेला बॉक्स सुधारता येतो. जुना स्क्रू दुकानात नेऊन त्याच आट्याचा लांब स्क्रू आणा आणि फ्रेमच्या मागे स्क्रूवर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चढवा, म्हणजे सॉकेट मागे दबत नाही. पुठ्ठ्याची घडी घालू नका. बाहेर आलेल्या बॉक्सला मात्र इलाज नाही, तो फोडून परत बसवावाच लागतो. प्लेटमागं फट राहिली तर पावसाळ्यात मुंग्या घर करतात, मागून पाल येते.

छपाईच्या दिवशी बॉक्सचं तोंड उघडं असलं की अर्धा माल आत जातो. पाइपाच्या तोंडात गेलेला सुकला तर वायर ओढताना रडायची पाळी. रद्दी पेपर कोंबण्याची पद्धत आहे, पण पेपर पाणी पितो आणि लगदा होतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल बॉक्सपेक्षा किंचित मोठा कापून दाबून बसवा. बॉक्सच्या दोन्ही कानांत (प्लेटचे स्क्रू बसतात त्या भोकांत) ग्रीस लावलेले जुने स्क्रू फिरवून ठेवा, आटे साफ राहतात. एवढं केलं नाही की मग कानात आगपेटीची काडी कोंबून स्क्रू आवळणारे महाभाग निघतात. उन्हाळ्यात कूलरची पिन रोज काढ-घाल होते, काडी महिनाभरही टिकत नाही.

आणखी एक, थर्माकोलमधून लाल वायरचा तुकडा दोन बोटं बाहेर लोंबता ठेवा. याची किंमत मला हिंगणघाटकडच्या एका घरी कळली. हॉलमधला खिडकीखालचा कूलरचा पॉइंट छपाईत गडप झाला होता. मिस्त्री म्हणे, "तिथं बॉक्स नव्हताच जी." मी अंदाजानं तीन ठिकाणी फोडलं, घरच्या काकूंचा चेहरा पाहवेना. शेवटी स्विचबोर्डाकडून पाइपात वायर ओढायची स्प्रिंग सारली, अडली तिथं खूण केली, बाहेर काढून पाइपाच्या वाटेनं भिंतीवर मोजली. अकरा फूट. तिथं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं तर आवाज पोकळ आला. बॉक्स माझ्या शेवटच्या भोकापासून चार बोटांवर होता. आता छपाईआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढतो, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप लावून.

मिस्त्री लोकांसाठी दोनच गोष्टी. बॉक्सभोवतीची कड माल ओला असतानाच थापीच्या टोकानं कापा. दुसऱ्या दिवशी छिन्नी लावली की चारी कोपऱ्यांतून भेगा निघतात. आणि बॉक्स हलत असेल तर त्यावर छपाई दाबू नका, आम्हाला हाक मारा. तो हलतो ते आमच्या पापानं : मे महिन्यात वीट तव्यासारखी तापलेली असते, आम्ही पाणी न मारता माल भरतो आणि वीट मालातलं पाणी ओढून घेते. आधी खाच भिजवा, मग एकास तीनचा माल भरा.

चार इंची भिंतीत दोन खोल्यांचे बॉक्स पाठीला पाठ लावून कधीच बसवू नका. फूटभर सरकवा.

लोखंडी बॉक्सला अर्थिंगची वायर जोडायची राहून जाते, कारण प्लेट बसल्यावर ते कुणाला दिसत नाही. कूलरचा पत्र्याचा अंग आणि ओली फरशी असलेल्या घरात असला आळस जीवघेणा ठरू शकतो. बॉक्सलाही अर्थ द्या, मेनला 30 मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

नव्या घरात छपाई वाळेपर्यंत वायर ओढूच नका. जुन्या घरातली डागडुजी असेल तर मेन बंद करा, टेस्टर लावून बघा, मगच मिस्त्रीला थापी उचलू द्या. ओला माल, ओले हात आणि लोखंडी थापी. मी किटकॅट (मेनच्या फ्यूजचा काढता तुकडा) काढून खिशातच ठेवतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत घरच्या पोरानं क्रिकेट बघायला मेन चालू करून ठेवला होता.