जुनं लॉज नव्याने उभं करताना: आधी छत, मग पाणी, एसी शेवटी

जुन्या लॉजचं नूतनीकरण म्हटलं की बहुतेकांचा पैसा आधी टाइल्स, पीओपी आणि एसीवर जातो. खानदेशात इथेच गणित चुकतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दिवसभर तापलेलं छत रात्री उष्णता खोलीत सोडत राहतं. म्हणून दिवाळीनंतर काम छतापासून काढा आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ते उरका.

इमारत धाब्याची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली, असेल तर मातीचा थर मोजा. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून टाकून तो फूटभर झालेला असतो. सहा इंच ओल्या मातीचं वजन चौरस फुटाला साधारण २५ किलो भरतं. जादा माती उतरवून सहा इंचच ठेवा; गारव्यासाठी तेवढी हवीच. मग तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं तपासा, कारण उधई (वाळवी) आणि ओल तिथूनच सुरू होते. पेचकस टोचल्यावर सहज आत गेला तर ते टोक कुजलंय. चार इंची स्लॅब वरून ओतण्याचा सल्ला हमखास मिळेल, पण त्याने चौरस फुटाला आणखी २२ किलो चढतात. इंजिनिअरने तुळया तपासल्याशिवाय हे करू नका.

आरसीसी छत असेल तर काम सोपं आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा करा, दहा फुटांना सव्वा इंच उतार द्या आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे (चकचकीत फुटक्या टाइल्सचे) तुकडे बसवा. त्याआधी पन्हाळी बंद करून २४ तास पाणी साठवून गळती पहा.

मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतींना लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) लागला असेल तर वरून सिमेंटचा गिलावा मारू नका. आतली ओल अडकते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत जुना गिलावा खरवडा, भिंत सुकू द्या, मग चुन्याचाच गिलावा करा. काळ्या मातीवरच्या इमारतीत भेगांचंही लक्षण ओळखा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. ती तडकली तर भेग अजून हलतेय. पन्हाळीचं आणि मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, भोवती तीन फूट रुंद फरसबंदी करा.

अटॅच बाथरूम बाहेरच्या भिंतीला, एकावर एक येतील असे घ्या. कडीपाटाच्या (लाकडी कड्या-फळ्यांच्या) मजल्यावर बाथरूम नकोच. संडासाची लाइन ११० मिमीची ठेवा आणि चाळीस फुटांना एक फूट उतार द्या. टाइल्स लावण्यापूर्वी सगळ्या पाइपांत दाब भरून रात्रभर ठेवा, कारण नंतर सापडलेली गळती म्हणजे नवी फरशी फोडणं. बोअरचं पाणी जड असेल तर गिझर ५५ अंशांवर ठेवा, नाहीतर कॉइलवर क्षाराचं कवच लवकर चढतं. उन्हाळ्यात रिकाम्या खोलीच्या नहाणी ट्रॅपमधलं (बाथरूमच्या जाळीखाली वास अडवणारं) पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतत चला.

वायरिंग पूर्ण नवी हवी. दीड टनाच्या एसीला ४ चौ. मिमी तांब्याची वेगळी वायर आणि २० अँपिअरची एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) द्या, दिव्यांना दीडची वायर पुरते. गिझर असलेल्या खोलीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावाच, त्यात कसर नको. सहा खोल्यांचे एसी आणि गिझर मिळून जोडलेला भार २० किलोवॅटच्या आसपास जातो, तेव्हा थ्री फेजचा अर्ज कामाच्या सुरुवातीलाच करा.

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत इथली हवा कोरडी असते, त्यामुळे डेझर्ट कूलर छान चालतो. मात्र समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झरोका ठेवा. खोली बंद राहिली तर तासाभरात चादरी दमट लागतात. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी, तेव्हा निदान निम्म्या खोल्यांत एसीचे पॉइंट काढून ठेवा.