मेंढीकोट खेळायचाय? आधी हुकूम कसा ते ठरवा, मग पत्ते वाटा

जुलै लागला की आमच्याकडं कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला म्हणून मेसेज येतात आणि संध्याकाळी लाईट जाते. मग कुणीतरी कपाटातनं पत्त्यांचा कॅट काढतो, चौघं मांडी घालून बसतात आणि तिसऱ्या हातालाच भांडण सुरू, कारण एकजण कट हुकूम समजून खेळतोय, दुसरा बंद हुकूम, आणि पुण्याचा जावई म्हणतो आमच्याकडं असं नसतं. त्यामुळं नवीन शिकणाऱ्यांसाठी आणि जावयांसाठी सगळं एकदा नीट लिहितोय.

बेसिक पटकन सांगतो. चार जण, समोरासमोर बसलेले दोघं भिडू, ५२ पानं, प्रत्येकी १३. वाटताना आधी पाच-पाच, मग चार-चार, परत चार-चार. उतारी (म्हणजे हाताचं पहिलं पान) ज्या रंगाची (रंग म्हणजे बदाम, इस्पिक, किलवर, चौकट, लाल-काळा नव्हे) त्याच रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात झाला, त्या रंगाचं मोठं पान टाकणाऱ्याचा हात, आणि जो हात घेतो तोच पुढची उतारी करतो. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात बारकी. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मेंढ्या ज्यांच्याकडं ते जिंकले, चारही घेतल्या तर कोट, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले. तेराच्या तेरा हात घेतले तर आमच्यात त्याला बावन म्हणतात आणि मग समोरच्यांना आठवडाभर गल्लीतनं मान खाली घालून जावं लागतं.

आता मुद्द्याचं. हुकूम म्हणजे त्या डावात बाकीच्या तिन्ही रंगांवर भारी पडणारा रंग, उतारीचा रंग नसेल तर हुकमाचं पान टाकून हात घ्यायचा, त्यालाच कापणं म्हणतात. पत्ते पिसायच्या आधी हुकूम कसा काढायचा ते मोठ्यानं बोलून ठरवा. तीन पद्धती सर्रास चालतात.

खुला हुकूम सगळ्यात सोपा. पहिली पाच पानं मिळाली की ज्याची पाळी तो बघून हुकूम सांगतो आणि मग बाकीची वाटतात. लहान पोरं शिकत असतील तर इथनंच सुरू करा, यात डोक्याला ताप कमी.

कट हुकुमात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडं पहिल्यांदा उतारीच्या रंगाचं पान नसेल तो दुसऱ्या रंगाचं जे पान टाकेल तोच रंग त्या डावाचा हुकूम, आणि त्या पानापासनंच हुकूम लागू.

बंद हुकुमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा (काही घरी डावीकडचा, तेही ठरवून घ्या) आपल्या हातातलं एक पान उलटं खाली ठेवतो. ज्याच्याकडं उतारीचा रंग नाही तो म्हणू शकतो, "हुकूम दाखव". मग पान उघडतं, सगळ्यांना कळतं, आणि ते पान मालकाच्या हातात परत जातं. यात दोन पोटनियम आधीच फोडून घ्या: हुकूम उघडायला लावलाच पाहिजे की नुसतं दुसरं पान टाकून गप्प बसता येतं, आणि उघडायला लावलं तर हुकमानं कापायची सक्ती आहे का. आमच्या घरी पहिल्याला सक्ती नाही, दुसऱ्याला आहे. उघडायच्या आधी त्याच रंगाचं पान कुणी सहज टाकलं असेल तर ते हुकूम धरत नाहीत, साधं पान.

हे एवढं का ताणतोय, तर तीच तेरा पानं एका नियमात सोनं आणि दुसऱ्यात माती होतात. हा एक हात बघा:

इस्पिक: एक्का, राजा, सत्ती, पंजी, तिर्री.
बदाम: दश्शी, चव्वी.
किलवर: राणी, नव्वी, अठ्ठी, छक्की, दुर्री.
चौकट: नुसता गुलाम.

उतारी तुमची आहे. नवशिका काय करतो, एक्का हातात आहे ना, मग आपट एक्का, त्याच्यामागं आपट राजा. मी पण हेच केलं होतं, कट हुकूम चालू असताना. माझी भिडू होती कागलची आत्या. इस्पिकची पाच पानं माझ्याकडं म्हणजे उरली आठ, ती तिघांत, कुणाकडं तरी एकच असायला काय वेळ लागतो! एक्क्याला सगळ्यांनी इस्पिक दिलं, राजाला डावीकडच्याचं संपलेलं, त्यानं शांतपणे किलवरची तिर्री टाकली. हुकूम किलवर, माझा राजा गेला, आणि त्याच्याकडं एक्का-राजासकट किलवरची रांगच होती. आत्या पानावरनं नजर न हलवता म्हणाली, "शाण्या, हुकूम त्याच्या ताटात वाढलास की रं." डाव कोटावर गेला. चहा पण मलाच करायला लागला.

खरी उतारी होती चौकटचा गुलाम. तो हात जाऊ दे, पण आता तुमच्याकडं चौकट संपली. पुन्हा कुणी चौकट उतरली की तुम्ही इस्पिकची तिर्री टाकणार, हुकूम इस्पिक, आणि एक्का-राजा अजून हातातच. भिडू हुशार असेल तर हात मिळाल्या मिळाल्या चौकटच उतरेल. भिडूनं पहिल्यांदा जे उतरलं तेच त्याला परत द्यायचं, कट हुकुमात हे डोळे झाकून करा.

तेव्हा एक मोह होतो. चौकट उतरलीय, तुम्ही शेवटचे आहात, हातात बदामची दश्शी आहे. तीच टाकली तर हुकूम बदाम होतो, हात तुमचा आणि एक मेंढी पक्की खिशात. पण मग हुकमाचं तुमच्याकडं उरतं काय, एक चव्वी. पुढचा अख्खा डाव दुसऱ्याच्या हुकमावर काढायचा. बदामची पाच-सहा पानं असतील तर दश्शीनंच हुकूम करण्यासारखी मजा नाही, दोनच असतील तर माझ्या मते करू नये. मात्र डाव शेवटाकडं आलाय आणि दुसऱ्या मेंढीला एवढीच कमी आहे, तर खुशाल करा.

आता तोच हात बंद हुकुमात घ्या आणि समजा पान तुम्ही झाकलंय. झाकायचं इस्पिकच, पण एक्का झाकू नका, तिर्री झाका. झाकलेलं पान उघडेपर्यंत वापरता येत नाही, आणि तोवर कुणी इस्पिक उतरली तर एक्का जमिनीवर आणि तुम्ही बघत बसलेले. इथं एक्का-राजाची उतारी मात्र बिनधास्त करा. डावीकडच्याचं इस्पिक संपलं, तो ऐटीत म्हणाला "हुकूम दाखव", तुम्ही तिर्री उलटली, त्याच्याकडं इस्पिक नाहीच, कापणार कशानं? ज्या उतारीनं तिकडं वाट लागली तीच इकडं चालून गेली.

पुढची पायरी मोजायची. लोकांना वाटतं ५२ पानं लक्षात ठेवायची, म्हणून घाबरतात. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथं दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते बघायला मिळतात, दहा रंग गुणिले बारा म्हणजे १२० पानं, आणि तोही हात घ्यायचाच खेळ. त्या मानानं आपलं बरं आहे. मेंढीकोटात फक्त वीस पानं मोजा: चार मेंढ्या, आणि प्रत्येक मेंढीच्या डोक्यावर बसलेले एक्का, राजा, राणी, गुलाम. हे चौघं पडून गेले की दश्शी त्या रंगातलं सगळ्यात मोठं पान होते, मग तिला भीती उरते फक्त हुकमाची. सुरुवातीला वीसही जमत नसतील तर ज्या रंगाची मेंढी तुमच्या हातात आहे तेवढेच चार मोजा.

आपली मेंढी वाचवायची तर तिच्यासोबत बारकी पानं ठेवा. बदामची दश्शी आणि चव्वी, एवढंच असेल तर समोरचा एक्का-राजा लागोपाठ उतरून ती ओढून नेतो, एक्क्याला चव्वी जाते, राजाला दश्शी द्यावीच लागते. दोन बारकी असतील तर त्याला राणीपण लागते. आणि समोरच्याची मेंढी काढायची असेल तर हेच उलटं करा. मेंढी टाकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे भिडूचा पक्का हात. त्यानं चालू रंगाचा एक्का टाकलाय, तुमच्याकडं तो रंग नाही, आणि तुमच्यानंतर कापणारा कुणी नाही, तर दुसऱ्या रंगाची दश्शी त्यावर सोडून द्या. बंद हुकुमात अशा वेळी "हुकूम दाखव" म्हणायची खाज येते, ती मारा, भिडूचाच हात कापून काय मिळणार. कट हुकुमात मात्र हे चालत नाही, पहिलं पान टाकलं की हुकूम झालाच.

भिडूला खुणा करू नका. कान खाजवला की चौकट, मिशी ओढली की किलवर, असले प्रकार गणपतीच्या जागरात चिक्कार बघितलेत, आणि पकडले गेल्यावर मंडपातली वादावादीपण. रंगाचं पान असून दुसरं टाकलं आणि नंतर सापडलं तर तो हात समोरच्यांना, एवढा दंड पुरे. पैशावर तर नकोच, हरलेल्यांनी पत्ते पिसायचे आणि भडंग आणायचं.

सहा जण झाले तर चारी दुर्र्या काढून ठेवा, ४८ पानं, प्रत्येकी आठ, तिघं-तिघं भिडू एकाआड एक बसवा. फक्त तिथं हात आठच होतात, म्हणजे मेंढ्या दोन-दोन आणि हातही चार-चार होऊ शकतात. तेरा हातांत हा घोळ नसतो. आमच्याकडं तसं झालं तर शेवटचा हात ज्याचा त्यांचा डाव धरतात. तुम्ही काय धरायचं ते ठरवा, पण ते पण पत्ते वाटायच्या आधी.