पितळी किटमधून स्टीम इंजिन: आधी चासी, मग बाकी सगळं

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचं ओओ गेजचं किट (दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) हातात आलं की बॉयलर वळवायची घाई होते, पण थांबा, आधी चासी, म्हणजे चाकं धरणारा खालचा सांगाडा. पत्र्यातून पार्ट कापले की टॅबचे (पार्ट पत्र्याला धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्यांचे) कंगोरे कानशीने घासा, आणि दुमडताना कोरलेली रेघ घडीच्या आतच हवी. आधी नुसते सोल्डरचे टाके मारा, काचेवर ठेवून बघा, डुगडुगलं तर परत गरम करून सरळ करा. कपलिंग रॉडच्या (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकांमधलं अंतर अ‍ॅक्सलच्या अंतराशी तंतोतंत जुळायलाच हवं, मी तर मोटर न लावता बोटाने ढकलून बघतो, अडकलं तर भोक केसभर मोठं करतो. व्हाइटमेटलची (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची) चिमणी मात्र ७० डिग्रीला वितळणाऱ्या सोल्डरनेच, नाहीतर वितळून गोळाच होतो. रोज काम संपलं की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) धुवा, नाहीतर पितळ हिरवं पडतं.