फ्लॅटमधलं शेफर्डचं पिल्लू आणि चावाचावी

जर्मन शेफर्डसारख्या कामकरी जातीचं पिल्लू साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दिसेल ते चावतं. 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येत असतात, हिरड्या शिवशिवतात. ओरडून उपयोग नाही. चप्पल पळवली तर मागे धावू नका, त्याला तो खेळच वाटतो. त्याचं खेळणं पुढे करा, चप्पल सोडली की लगेच शाबासकी द्या. फ्रीजमधलं गार, जाडसर गाजर हिरड्यांना आराम देतं. फक्त चावत असताना जवळ बसा. शिजवलेली हाडं नकोतच, त्यांचे टोकदार तुकडे होतात. वायरी उचलून ठेवा.

मेंढ्या राखायला घडवलेल्या या जातीचं नुसत्या फिरण्याने भागत नाही, डोक्यालाही काम लागतं. त्याच्या कोरड्या खाद्यातले थोडे दाणे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवून त्याला वासावर शोधू द्या. माझ्या मते महागड्या खेळण्यांपेक्षा हे कितीतरी बरं. आणि संध्याकाळी ते उगाच पिसाळल्यासारखं चावत सुटलं, तर बहुधा झोप झालेली नसते; शांत कोपऱ्यात निजवा.

नाशिककरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या जमिनीवरच असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, थोडीशीसुद्धा. पेटी ओट्यावर ठेवा, पडलेले मणी लगेच वेचा. खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता पिल्लाला तडक पशुवैद्यांकडे न्या.