कॉलेजात भाषण शिकायचंय? मग आधी आभार मानायला उभे राहा

'वक्ता दशसहस्रेषु', म्हणजे दहा हजारांत एखादाच वक्ता निघतो, हे सुभाषित वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षीस समारंभात कुणीतरी म्हणतंच, आणि मागच्या रांगेतल्या फर्स्ट इयरच्या पोरापोरींना वाटतं की संपलं, हे काही आपलं काम नाही. मलाही तसंच वाटायचं. पण आता बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांची तयारी करून घेतेय आणि अगदी खात्रीने सांगते, हे शिकता येतं, फक्त बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या जागी करतात.

म्हणजे थेट स्पर्धेत नाव देतात. मी तेच केलेलं. 7 मिनिटांचं भाषण, आठवडाभर घोकलेलं, आणि तिसऱ्या मिनिटाला "आणि म्हणूनच" एवढं बोलले आणि पुढचं काही आठवेचना. समोर सगळे माझ्याकडे बघतायत, परीक्षकांचं पेन थांबलंय, मी परत "आणि म्हणूनच" म्हणतेय. खाली उतरल्यावर कळलं की विषय मला नीट माहीत होता, कुणी घरी विचारला असता तर तासभर बोलले असते, पण मी विषय पाठ केलाच नव्हता, वाक्यं पाठ केली होती, आणि घोकलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला धरून उभं असतं, एक निसटलं की पुढची सगळी गेली.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी सांगते, स्पर्धा पुढच्या वर्षी, आधी वाङ्मय मंडळाच्या किंवा एनएसएसच्या सरांना जाऊन भेट आणि म्हण, पुढच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन मी करते. हे काम कुणालाच नको असतं त्यामुळे लगेच मिळतं. 2 मिनिटं बोलायचं असतं, लोक आधीच खुर्चीच्या कडेला आलेले असतात, कुणी मार्क देत नाही. पण नीट केलं तर वक्तृत्वातलं जवळजवळ सगळं त्यात आहे.

ते नीट कसं करायचं बघा. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पोचा. पाहुण्यांचं नाव, आडनाव, पद सरांना विचारून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि उच्चार मोठ्याने दोनदा करून बघा, कारण आडनाव चुकलं की बाकी कितीही गोड बोला, त्या माणसाच्या मनात तेवढंच राहतं. मग साउंडवाल्या दादांना, खुर्च्या लावणाऱ्या मामांना त्यांची नावं विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाहुणे बोलत असताना मन लावून ऐका आणि त्यांचं एक वाक्य, एकच, टिपून ठेवा. आभार मानताना "आपण अमूल्य मार्गदर्शन केलंत" म्हणण्याऐवजी ते वाक्य सांगा आणि त्यावर तुम्हाला काय वाटलं ते एका वाक्यात बोला. हॉलमध्ये एकदम शांतता होते, मी कितीतरी वेळा बघितलंय, निघालेले लोक थांबतात, कारण पहिल्यांदाच कुणीतरी छापील बोलत नाहीये. ती शांतता एकदा अनुभवली ना, की भीती अर्धी होते.

भीतीचं आता बोललेच तर सांगते. हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं हे अॅड्रेनालिनमुळे होतं, शरीर पळायच्या तयारीत असतं, तुम्ही कमी पडताय असा त्याचा अर्थ नाही. नाव पुकारायच्या आधी 4 मोजत श्वास आत, 7-8 मोजत सावकाश बाहेर, असं पाचसहा वेळा. श्वास सोडताना जास्त वेळ घेतला की ठोके खाली येतात. कोमट पाण्याचे दोन घोट. आणि हातात मोठा कागद नको, तो थरथरतो आणि सगळ्यांना दिसतो, पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या, त्यावर 5-6 शब्द, वाक्य एकही नाही. पाठ करायचंच असेल तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन, बास. मधे अडकलात तर थांबा, शेवटचं वाक्य पुन्हा शांतपणे म्हणा, कार्ड बघा, पुढे चला. तुम्ही काय बोलणार होतात हे समोर कुणालाच माहीत नसतं.

माईकचं कुणी शिकवत नाही म्हणून सांगते. तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा, नाहीतर प, फ, भ आले की भस्सकन आवाज होतो. त्याच्या जाळीवर मूठ आवळू नका आणि माईक घेऊन स्पीकरसमोर जाऊ नका, शिट्टी वाजते.

आभार दोनचारदा झाले की सूत्रसंचालन मागून घ्या आणि मग स्पर्धेकडे वळा. स्पर्धेचा वेळ बऱ्याच ठिकाणी 5 अधिक 2 असा असतो, म्हणजे 5 मिनिटं बोलायला आणि 2 आवरायला, पहिली घंटा झाली की आवरायचं. मुलं वेळेचा हिशोब करत नाहीत. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर माझ्या अंदाजाने मिनिटाला 110 शब्द होतात, म्हणजे 5 मिनिटांत 550, त्यातले 100 श्वासासाठी आणि थांबण्यासाठी सोडा. उरलेल्या 450 शब्दांत एकच मुद्दा मावतो. एकच. पाच मुद्दे कोंबले की पाचही जातात.

आणि ती सुरुवात, "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, मी आपणासमोर जे चार शब्द मांडणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्याल ही नम्र विनंती", हे परीक्षकांनी त्या दिवशी तीस वेळा ऐकलेलं असतं. नमस्कार म्हणा आणि विषयाला हात घाला. निफाडकडची एक मुलगी माझ्याकडे तयारीला यायची, विषय होता शेतीपुढची आव्हानं. तिने लिहून आणलेलं पहिलं वाक्य होतं, भारत हा कृषिप्रधान देश आहे. मी विचारलं, तुझ्या घरी काय आहे? म्हणाली, कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. मग बोलतच सुटली, उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो, भाव नसतो म्हणून चाळीत भरायचा आणि पुढचे चारपाच महिने वाट बघायची, आणि पावसाळ्यात वडील रात्री उठून चाळीभोवती फिरतात, बॅटरी घेऊन, पण डोळ्यांनी नाही, नाकाने शोधतात, कारण आतला एक कांदा सडला की आधी वास येतो. मी म्हटलं, हेच तुझं पहिलं वाक्य. "माझे वडील पावसाळ्यात रात्री उठून कांद्याचा वास घेतात." त्यानंतर साठवणूक, भाव, निर्यातबंदी सगळं आलं, पण त्या वासाच्या मागून आलं म्हणून लोकांनी ऐकलं.

ती आणखी एका गोष्टीने घाबरली होती, आपली भाषा गावाकडची आहे. माझं मत स्पष्ट आहे, न-ण आणि ल-ळ जमेल तेवढं घासा, चहातला च आणि चाकातला च वेगळा आहे हे कानाला कळू द्या, पण बोलीची लय पुसू नका, तुमचा खरा आवाज त्याच लयीत आहे. रोज 2 मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज नकोसा वाटेल, तरी ऐका. "म्हणजे", "तर", "अॅक्च्युअली" किती येतात ते मोजा आणि तिथे नुसतं गप्प राहायची सवय लावा.

सोबत चांगलं ऐकायलाही पाहिजे. पुण्यात असाल तर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जा, न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली, बऱ्याच गावांत अशा व्याख्यानमाला असतात आणि तिथे तरुण मुलं फार कमी दिसतात याचं मला वाईट वाटतं. जाता आलं नाही तर प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची भाषणं यूट्यूबवर ऐका, फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य होते ते, आणि एकदा फक्त ते कुठे थांबतात तेवढंच ऐका, शब्दांकडे लक्षच देऊ नका.

आणि भाषण झालं की मैत्रिणीला लगेच "कसं झालं?" विचारू नका, ती मस्तच म्हणणार. दोन दिवसांनी कँटीनमध्ये विचारा, तुला त्यातलं काय आठवतंय? ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा, आणि जे तिला आठवत नाहीये ते पुढच्या वेळी भाषणातून काढून टाका.