सह्याद्रीत वाट चुकली तर सॅकमधल्या साध्या सामानावर रात्र कशी काढावी

भीमाशंकरचं रान असो, हरिश्चंद्रगडाचं पठार असो की लोणावळ्याच्या आसपासचा एखादा आडवाटेचा किल्ला, पावसाळी धुक्यात मळलेली वाट बघता बघता नाहीशी होते. समोर उरते ती ढोरवाट, गुरांनी चरताना पाडलेली आणि थोडं पुढे जाऊन कारवीच्या झुडपांत विरणारी. अशा वेळी सॅकमध्ये असतं ते साधंच सामान: जेवणाचा डबा, ओढणी, छत्री, पाण्याची बाटली, मोबाइल, एखादी प्लास्टिकची पिशवी. एक रात्र काढायला आणि शोधणाऱ्यांना सापडायला एवढं बहुतेक वेळा पुरतं. मात्र त्यासाठी तुम्ही एका जागी थांबायला हवं.

आधी थांबा, आणि ओढ्याने खाली उतरू नका

वाट चुकल्याची शंका आली की खाली बसा. पाणी प्या, दोन घास खा. भीतीने पाय आपोआप वेग घेतात, आणि दूरची खूण दिसत नसली की सरळ चालतोय असं वाटत असताना माणूस गोल फिरत राहतो. गावात याला चकवा लागला म्हणतात. शेवटची ओळखीची जागा, म्हणजे पाण्याचं टाकं, देऊळ किंवा कातळावर रंगवलेला बाण, पाच-दहा मिनिटांवर असेल आणि तिथवरची वाट नक्की आठवत असेल तरच मागे फिरा. फिरताना कागदाचे किंवा कापडाचे तुकडे फांद्यांना बांधत जा, म्हणजे निदान बसल्या जागी परत येता येईल. वाट आठवत नसेल तर तिथेच राहा.

‘पाण्याच्या धारेने खाली गेलं की वस्ती लागते’ हा सल्ला सह्याद्रीत जीवावर बेततो. ही रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. पूर्वेला देशाकडे उतार सावकाश आहे, पश्चिमेला कोकणाच्या अंगाने मात्र कडे तुटलेले आहेत. ओढा घळीत शिरतो, घळ अरुंद होत जाते आणि तुम्ही धबधब्याच्या माथ्यावर येऊन उभे राहता. पुढे उतरता येत नाही आणि शेवाळलेला कातळ चढून मागेही जाता येत नाही. वर पाऊस पडून लोंढा आला तर बाजूला व्हायलासुद्धा जागा नसते. ओढण्या एकमेकींना बांधून कडा उतरायचा विचार कुणी काढला तर त्याला ठामपणे अडवा. गाठी सुटतात, कापड फाटतं, ओले हात घसरतात.

मोबाइल जपून वापरा

रेंज नसली तरी फोन निरुपयोगी होत नाही. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्यामुळे नेटवर्क नसतानाही नकाशावर तुमच्या जागेचा निळा ठिपका दिसू शकतो. त्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांशचिन्हानंतरचे किमान चार आकडे घ्या, त्यावरून जागा दहा-बारा मीटरच्या आत कळते. ते कागदावरही लिहून ठेवा.

मग ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क तिथे असेल तर हा फोन लागू शकतो. लागला नाही तर घरच्या माणसाला साधा एसएमएस करा. आवाज पोचत नाही तिथेही तो कधी कधी जातो. त्यात आकडे, किती जण आहात, कुणाला लागलंय का आणि ‘आम्ही इथून हलणार नाही’ एवढं लिहा. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीचं यशवंती हायकर्स यांसारखी बचाव पथकं अंधारात, पावसात कार्यकर्ते घेऊन निघतात. त्यांना सांगितलेल्या जागी तुम्ही सापडलाच नाहीत, तर त्यांचाही जीव धोक्यात येतो.

निरोप गेला की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवा. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. ठरावीक वेळाने थोडा वेळ चालू करून बघा. ग्रुपमध्ये चार फोन असतील तर एकच चालू ठेवा.

उजेड आहे तोवर आडोसा करा

हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. चार बोटं मावली तर सूर्यास्ताला साधारण एक तास आहे. पश्चिमेला डोंगर असेल तर अंधार त्याआधीच होईल.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात माणूस आधी गारठतो, भूक फार नंतरची गोष्ट. वीस अंश तापमानातही ओले कपडे आणि पठारावरचा वारा मिळून अंगातली उष्णता ओढून घेतात. जीन्स सर्वांत वाईट, कारण ती पाणी धरून ठेवते. कोरडं काही असेल तर लगेच बदला, नसेल तर ओले कपडे घट्ट पिळून पुन्हा घाला. कचऱ्याची मोठी काळी पिशवी असेल तर बंद टोकाच्या कोपऱ्याजवळ चेहऱ्याएवढं भोक पाडून ती डोक्यावरून घ्या. नाक-तोंड कायम उघडं राहिलं पाहिजे. शर्टाच्या आत चुरगाळलेली वर्तमानपत्रं किंवा सुकं गवत भरा. त्यात अडकलेली हवा ऊब धरते.

जमिनीवर थेट बसू नका. रिकामी सॅक, दोर, चपला, पाला, जे मिळेल ते खाली घाला आणि एकमेकांना खेटून बसा. सगळ्यात अशक्त माणूस मध्ये. कुणी बोलताना अडखळू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा कुडकुडणं थांबून गुंगी येऊ लागली तर त्याला एकटं झोपू देऊ नका. शुद्धीवर असेल तर काहीतरी गोड खायला द्या.

आडोशाला मोठा दगड किंवा गुहा चालेल, पण आधी मान वर करून आग्या मोहोळ नाही ना, हे बघा. मोहोळाखाली धूर करणं म्हणजे संकट ओढवून घेणं आहे. कपारीत हात घालण्याआधी काठीने चाचपा. फुरसं हा विषारी साप पाल्यात दिसत नाही.

आगीसाठी आपल्या देवघरातल्या दोन वस्तू फार कामाच्या आहेत. कापूर दमट हवेतही पेट घेतो आणि तुपात भिजवलेली फुलवात ओल्या काटक्या धरेपर्यंत काही मिनिटं जळते. तेलकट वेफर्सही चांगले पेटतात. फेब्रुवारी ते मे या काळात मात्र गवत सुकलेलं असतं. उघड्या कातळाशिवाय कुठेही आग लावू नका, वणवा तुमच्यापेक्षा वेगाने धावतो.

दिसा आणि ऐकू जा

ओरडून घसा बसतो, शिट्टी तासन् तास वाजते. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्येच शिट्टी असते, आजच बघून घ्या. तीन वेळा वाजवा, थांबून ऐका, पुन्हा तीन. शिट्टी नसेल तर स्टीलच्या डब्यावर चमच्याने तसेच तीन ठोके द्या. डब्याचं घासलेलं झाकण उन्हात आरशाचं काम करतं. भडक ओढणी उघड्या जागी ताणून बांधा, आसपासच्या रंगात मिसळणारी नको. सकाळी कान देऊन बसा: कोंबडा, कुत्रं, गुरांच्या घंटा यांवरून धनगरवाडा किंवा ठाकरवाडी कुठे आहे ते कळतं. आवाज जवळचा असेल आणि मध्ये कडा नसेल तरच, उजेडात, सगळ्यांनी मिळून तिकडे निघा.

पाणी आणि दुखापत

पावसाळ्यात ताणलेलं प्लास्टिक पुरेसं पाणी देतं. टाक्याचं पाणी ओढणीच्या चार पदरांतून गाळा. त्याने गाळ निघतो, जंतू जात नाहीत. भांडं आणि आग असेल तर उकळा. नसेल तर गाळलेलं नितळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. उन्हाळ्यात घोटभर पाणी राखून ठेवण्यात शहाणपण नाही: तहान लागली की प्या आणि दुपारी सावलीत पडून राहा. अनोळखी फळं खाऊ नका.

हात मोडला तर वर्तमानपत्राची जाड गुंडाळी आधाराला बांधा आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा. जखम वाहत असेल तर सॅनिटरी पॅड घट्ट दाबून बांधा. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळपट्टी बांधू नका. माणसाला आणि चावलेल्या अवयवाला शक्य तितकं स्थिर ठेवा आणि निरोपात ते आधी कळवा.

शोधणाऱ्यांची हाक आली की उत्तर द्या, पण अंधारात आवाजाच्या दिशेने धावू नका. टॉर्च हलवत, शिट्टी वाजवत तिथेच राहा, ते येतील. आणि स्वतःहून वाट सापडून तुम्ही खाली उतरलात, तर चहा घेण्याआधी ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना फोन करा. पथक कदाचित अजूनही वर तुम्हाला शोधत असेल.